सासूबाईंची सून आणि तिची एक दुपार

सासूबाईंना विसर पडायला लागला तेव्हा आमच्या केज गावातल्या प्रत्येकाला एकाएकी डॉक्टरकी यायला लागली. समोरच्या काकूंनी ब्राह्मीचं तेल सांगितलं, मावससासूबाईंनी भिजवलेले बदाम. पुण्याच्या दिरांनी तर फोनवर रोज उगवत्या सूर्याचं चित्र पाठवायला सुरुवात केली. त्याखाली लिहिलेलं असायचं, "स्वतःसाठी वेळ काढा." तो नेमका कुठून काढायचा, हे त्या सूर्यालाही माहीत नसावं.

माझा दिवस असा जायचा. सासूबाई भाकरी उशीखाली लपवून ठेवायच्या आणि कुणी जेवायलाच देत नाही म्हणून रडायच्या. ती काढून दाखवली की म्हणायच्या, "तूच ठिवली आसंल." कधीच्या विकलेल्या म्हशीला पाणी पाजायला त्या फाटकाबाहेर निघायच्या आणि मी कणकेच्या हातांनी मागे पळायची. कढई चुलीवर तशीच. येणारे-जाणारे भरल्या डोळ्यांनी म्हणायचे, "म्हातारी लई नशीबवान हाय, अशी सून मिळाली." सुनेच्या नशिबाबद्दल कुणी काही बोलत नसे. चहा मात्र सगळे घेऊन जायचे.

माझ्या नवऱ्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. आईवर त्यांची फार माया. संध्याकाळी येऊन तिचे पाय चेपायचे, ती ओळख देत नाही म्हणून उदास व्हायचे आणि मला म्हणायचे, "तुला काय, तू दिवसभर घरीच असतीस." घरी असणं म्हणजे गादीवर लोळणं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

मग आम्ही सासूबाईंना अंबाजोगाईला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होत्या, आवाज मऊ. त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"तुमाला न्हाई ठाव?" सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा बरं, आज कोणता वार?"

मी तोंड उघडलं आणि मला वार आठवेना. सोमवार, गुरुवार, काहीच नाही. सासूबाईंनी खूश होऊन माझा हात दाबला. "हिलाबी न्हाई ठाव."

मी हसायला गेले आणि रडायला लागले. थांबताच येईना. हे बाजूच्या खुर्चीत अवघडून बसले होते. डॉक्टरांनी मला पाणी दिलं, झोप कशी लागते, जेवता कधी, कुणाशी बोलता, हे विचारलं. मग यांना म्हणाल्या, "तुम्ही दोन पेशंट घेऊन आलात. एकीचंच सांगितलंत."

"हिला काय झालंय? घरीच तर असते."

"तेच झालंय," डॉक्टर म्हणाल्या. "आठवड्यातून एक दुपार आईंजवळ तुम्ही बसायचं. ह्यांनी घराबाहेर पडायचं. आणि पुढच्या वेळी ह्यांना एकट्यांना माझ्याशी बोलू द्या."

बायकोनं हेच सांगितलं असतं तर ते नखरे ठरले असते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तो उपचार झाला.

पहिल्या दुपारी मी साडी बदलून बाहेर पडले आणि फाटकापाशीच थबकले. जायचं कुठं? माहेर लांब, मैत्रिणी संसारात. शेवटी एसटी स्टँडवर जाऊन बाकावर बसले. चहा मागवला आणि तो गरम असतानाच प्यायले. ही चैन माझ्या लक्षातूनच गेली होती. एका कंडक्टरनं विचारलं, "ताई, कुठं जायचंय?" मी म्हटलं, "कुठंच न्हाई." त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. बाई कुठंच जात नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं त्याला वाटलं असणार.

परतले तर आमचे हे अंगणात उन्हात उभे. घरात अनोळखी पुरुष शिरलाय म्हणून सासूबाईंनी त्यांना बाहेर काढून कडी लावली होती. समोरच्या काकू गच्चीवरून हे सगळं मन लावून पाहत होत्या.

"एका दुपारीत डोकं फिरलं माझं," ते म्हणाले.

"ब्राह्मीचं तेल लावा," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पण त्याच दिवशी त्यांनी भावाला फोन लावला आणि मी पहिल्यांदाच त्यांचा चढलेला आवाज ऐकला. "चित्रं नको पाठवूस. ये आन् बस आईपाशी." दीर आले. सासूबाईंनी त्यांना गडी समजून दिवसभर अंगण झाडायला लावलं. त्यानंतर सूर्य उगवायचा बंद झाला. दीर मात्र आता अधूनमधून येतात, आणि न सांगता झाडू हातात घेतात.

मी अंबाजोगाईला एकटी जाऊ लागले. कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिथं सांगितलं. "कधी कधी वाटतं, हे सगळं एकदाचं संपावं. मग स्वतःचीच भीती वाटते."

"ह्या खुर्चीत बसणाऱ्या बहुतेकांना वाटतं," डॉक्टर म्हणाल्या. "माया आटली म्हणून नाही. थकता म्हणून."

त्या दिवशी घरी आले तेव्हा सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. मला न्याहाळून म्हणाल्या, "बाई, तू कुणाची गं?"

"तुमचीच," मी म्हटलं आणि शेजारी टेकले. त्यांना ते पटलं नाही. पण त्यांनी सरकून जागा दिली.