डी ड्राइव्हवरचं विमान

तुमच्या घरच्या कम्प्युटरवर मुलीसाठी किती जागा आहे? काल अकोल्याच्या घरी जुना कम्प्युटर सुरू केला, तापल्या धुळीचा वास आला आणि ती दुपार आठवली.

ताईला विमान चालवायचा सिम्युलेटर टाकायचा होता. सी ड्राइव्ह भरला होता आणि डीवर बाबांच्या भाषणांचे व्हिडिओ होते.

"खेळासाठी बाबाचे भाषणं पुसतं काय वं ताई?" मी भडकलो. तिने खेळाची सीडी परत डबीत ठेवली.

बाबांनी विचारलं, "काय बोललो व्हतो मी त्याच्यात?"

"पोरीयले उडू द्या, असं," ताई म्हणाली.

"मंग पुस न माय. लय झालं बोलनं."

तेव्हा मला ती तत्त्वांची हार वाटली. आज तेच बाबांचं सर्वांत खरं भाषण वाटतं. तुम्हीही आज आपलं एखादं भाषण पुसा आणि ती जागा मुलीला द्या.