चौघडा कुठं गेला?

दस्तगीर वारल्यापासून नांदूरघाटातलं मोटार वाइंडिंगचं दुकान त्याची बायको चाँदबी चालवायची. म्हणजे रोज उघडायची, एवढंच. शहाऐंशीचा दुष्काळ, विहिरी आटलेल्या, कोरड्या चालून पाण्याच्या मोटारी पटापट जळत होत्या, पण तिच्या दारावरून बैलगाडीत बसून केजला जात होत्या. बारा वर्षं नवऱ्याशेजारी बसून तारेचे वेढे तिनंच घातले होते. लोकांना मात्र हात दिसले ते दस्तगीरचे.

सोसायटीच्या सभेच्या आदल्या दिवशी सचिव गहिनीनाथ आणि तिचा दीर, लाऊडस्पीकरवाला वाहेद, एक जुना विलायती रेकॉर्डप्लेअर घेऊन आले. वाहेदचा नेहमीचा बंद पडला म्हणून चेअरमनच्या पाहुण्यानं दिलेला. वाहेदनं तबकडी लावली. सनई डासासारखी गुणगुणली.

"सुई गेली, भाभी. ठेवून द्या."

"ठेवून कसं द्या?" गहिनीनाथ म्हणाले. "सनईचौघड्याबिगर आपली सभा सुरू झाली न्हाई आजवर. अन् उद्या चाऱ्याचं ठरायचंय, गाव लोटंल सगळं."

"सुई चांगली हाय, आण्णा," चाँदबी म्हणाली. "चौघडा कुठं गेला ते बघावं लागंल."

तिनं सुईमागची डबी भिंगाखाली धरली. आत केसाहून बारीक तारेचं वेटोळं. तिला हसूच आलं; ही तर तिच्याच धंद्यातली चीज. वाहेदच्या बंद पडलेल्या प्लेअरची सुई स्फटिकाच्या खड्यावर दाबायची आणि दणदणीत वीज द्यायची. हे वेटोळं देतं ते मुंगीच्या पावलाएवढं. शिवाय तबकडीवर चौघड्यासारखा जाड आवाज मुद्दाम दाबून कोरतात, नाहीतर खाच रुंद होते. तो वाजवताना पुन्हा उचलावा लागतो. वाहेदच्या अ‍ॅम्प्लिफायर मशीनला ते कुठून ठाऊक?

प्लेअर आणि त्या मशीनच्या मध्ये हे उचलून देणारं एक छोटं मशीन हवं. दस्तगीरच्या वहीत तशी आकृती होती. चाँदबीनं मेलेल्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर काढले, साबणाच्या पत्र्याच्या डबीत कथिलाचे डाग देऊन बसवले, बॅटरीचे सेल जोडले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गोदामापुढच्या मंडपात, सभेत तबकडी फिरली. चौघडा आला, चांगला घुमला. पण सनई घोंगडीखाली कोंडल्यासारखी.

पुढच्या सतरंजीवर सुंदरराव बसले होते. कालच त्यांची मोटार केजला गेलेली. "तार गुंडाळणं येगळं अन् हे येगळं, चाँदबी."

कुणीतरी खिदळलं. तिनं ऐकलं, पण नजर तारेवर होती. प्लेअरपासून निघालेली ती तार खांबाला वळसा घालून थेट गोदामामागं गेली होती, वीस हात. तिची साबणाची डबी तिकडं, वाहेदच्या मशीनपाशी.

"वाहेद, एवढी लांब कावून?"

"मशीन मंडपापासून लांबच ठेवायचं. भाईजाननीच शिकवलंय."

"तुझ्या आधीच्या प्लेअरच्या सुईला चालायचं. हिचा सूर निम्म्या वाटंतच मरतोय. पक्कड आण."

"सभा चालू हाय, भाभी."

"म्हणूनच आण."

तिनं प्लेअरची तार तोडली, वीतभर ठेवली, डबी प्लेअरखालीच बसवली आणि लांब तार डबीच्या पुढं जोडली. सुई टेकवली.

सनई अशी उठली की गोदामावरची कबुतरं उडाली. खाली चौघडा, वर सनई, दोघं आपापल्या जागी. गहिनीनाथ हातातला अजेंडा विसरले. वाहेद धावत पुढं आला, "भाभी, आवाज निम्म्यावरच हाय अजून," आणि त्यानं तो वाढवला.

तबकडी संपल्यावर सुंदरराव घसा खाकरून म्हणाले, "आमची मोटार बघता का?"

"केजहून आणा आधी."

सभा हसली, या वेळी सुंदररावांना.

सोमवारी मोटार घेऊन त्यांची बैलगाडी दारात उभी होती. मागं आणखी तीन. चाँदबी पदर खोचून बाहेर आली.

"ओळीनं लावा. अन् मोटारींवर खडूनं नावं लिहा, जळाल्यावर सगळ्या सारख्याच दिसत्यात."