आत्याचं पहिलं विमान

लोक मरायला काशीला येतात.
आमची आत्या मरायला पुण्याला गेली.

जन्मभर मंगला गौरीच्या गल्लीत राहिली, मणिकर्णिका घाटावरच्या चितांचा धूर रोज पाहिला. मुलाकडे महिनाभर म्हणून गेली आणि तिथेच झोपेत गेली.
तिचा सवाल मला ऐकू येतोच आहे. "मग? आता मला बनारसला कोण आणणार?"

मी आणलं, आत्या. आज सकाळच्या फ्लाइटने.

माझे युनिफॉर्ममधले फोटो तुम्ही सगळे लाइक करता. माझा पहिला युनिफॉर्म प्रोबेशनमध्येच उतरवावा लागला होता, हे तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

पहिली नोकरी. केबिन क्रू. टेकऑफआधीची शेवटची चक्कर.
एक काका मांडीवर लाल कापडात बांधलेला तांब्या घेऊन बसले होते. बायकोच्या अस्थी. बनारसलाच निघालेले.

नियम साफ आहे. टेकऑफला मांडीवर काही ठेवायचं नाही. वरचा कप्पा, नाहीतर पुढच्या सीटखाली.
वरचा कप्पा भरला होता. आणि सीटखाली म्हणजे पायाशी.

मी काशीची पोरगी. अस्थी पायाशी ठेवा, हे तोंडातून निघेचना.
मी तशीच पुढे गेले आणि केबिन रेडी म्हणून सांगून टाकलं.

माझं काम तपासायला एक सीनियर मॅडम मागे बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं. 'फार मऊ आहे' असा शेरा आधीही मिळालेला होता.
नोकरी गेली.

घरी आले. गल्लीत सांगितलं, छुट्टीवर आहे.
दिवसभर गच्चीवर पडून राहायचे. संध्याकाळी पतंगांच्याही वरून बाबतपूर विमानतळावर उतरणारं विमान जायचं आणि मी कूस बदलायची.

आत्या आमच्याच घरात वरच्या खोलीत राहायची. मुलींच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. तिच्यासमोर थापा चालत नसत.

एका पहाटे मला उठवून पंचगंगा घाटावर घेऊन गेली. इतकं धुकं होतं की नदी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. नावा हवेतच उभ्या होत्या. कुठूनतरी घंटा ऐकू यायची, मग तीही धुक्यात विरायची.

"गुड्डी, किती दिवस चालणार तुझी छुट्टी?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता जवळ घेईल, कंपनीला दोन शिव्या देईल.
आत्याने ओंजळीत पाणी घेतलं, डोक्याला लावलं, गंगेची माफी मागितली आणि मग पाण्यात पाय टाकला. रोज असंच करायची.

"बघ. आईच्या अंगावर पाय ठेवतेच आहे ना मी? माफी मागायची आणि ठेवायचा. विमान हललं असतं, तांब्या सुटला असता, तर त्या माउलीचं काय झालं असतं?"

मला तिचा भयंकर राग आला. कारण ती बरोबर होती.

त्या दिवसापासून आमच्या गच्चीचं विमान झालं.
प्लास्टिकच्या खुर्चीत आत्या पॅसेंजर. मांडीवर देवघरातली अन्नपूर्णा. मी एअर होस्टेस.
"नाही ठेवत, जा. सासूबाईंनी दिलेली आहे."
मी इंग्रजीत सांगून पाहिलं, हिंदीत सांगून पाहिलं, नियम सांगितला, हात जोडले. बाई ढिम्म. वर मध्येच चहा मागायची, खिडकी का उघडत नाही म्हणून भांडायची.

शेजारच्या छतावरचे लोक हसून हसून बेजार. साहजिकच सगळ्या मोहल्ल्याला कळलं, गुड्डीची नोकरी गेली.
आणि कळून काहीच झालं नाही. ज्याची इतकी धास्ती घेतली होती, ते दुसऱ्या दिवशी शिळं झालं.

एकदा मी थकून तिच्यासमोर उकिडवी बसले.
"ठेवा काकू. येता-जाता मी बघत राहीन त्यांच्याकडे."

आत्याने अन्नपूर्णेला कपाळाशी नेलं, काहीतरी पुटपुटली आणि खुर्चीखाली ठेवली.
"जा," म्हणाली. "आता दे इंटरव्ह्यू."

दोन ठिकाणी नकार आला. तिसरीकडे विचारलं, आधीची नोकरी का गेली? जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी घेतलं.

आत्याचं ठरलेलं होतं, विमानात बसेन तर तुझ्याबरोबरच. पण कधी गुडघा, कधी श्रावण, कधी "ढगात गुदमरायला होतं का गं?"
पुण्यालाही शेवटी रेल्वेनेच गेली.

म्हणून दादा, म्हणजे तिचा मुलगा, परवा म्हणाला, तूच घेऊन जा तिला. मी मागून येतो.

आज मी साध्या कपड्यात, पॅसेंजर. खिडकीची सीट. मांडीवर लाल कापड.

टेकऑफआधी एक नवीन मुलगी तपासत आली. मागे तिची सीनियर उभी. मुलगी माझ्यापाशी थबकली. लाल कापड पाहिलं. मग वरच्या भरलेल्या कप्प्याकडे पाहिलं.
तिचं काय अडलं होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी आत्याला कपाळाशी नेलं. माफी मागितली. आणि सीटखाली ठेवलं, पायाशी.

मुलगी वाकली. अगदी हळू म्हणाली, "मैम, मैं आते-जाते देखती रहूँगी."

मी खिडकीकडे तोंड करून रडले.

सीटबेल्टचा दिवा विझल्यावर आत्याला परत मांडीवर घेतलं, खिडकीशी धरलं. खाली सगळं पांढरं. नदी कुठे, आकाश कुठे, काही कळत नव्हतं. अगदी आपल्या घाटावरची ती पहाट.
गुदमरत नाही गं आत्या. बघ तरी.

उद्या सकाळी दादा आणि मी नावेतून मणिकर्णिकेसमोर जाऊ. आधी पाणी डोक्याला लावू.

गंगामाई, आमची आत्या तुझ्यापाशी ठेवतोय.
बघत राहा तिच्याकडे.