स्प्रिंगवरचं कुंकू

त्या गुरुवारी सकाळी माझा देवावरचा भरवसा डळमळला होता, आणि स्वतःवर तर मुळीच नव्हता. नववीत शाळा सुटलेला मी, घरापासून इतक्या लांब, स्कॉटलंडच्या डोंगरातल्या एका गॅरेजमध्ये हाताखाली काम करत होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बर्फाने रस्ता बंद, मालक खालच्या गावात अडकलेला, आणि बर्फावरून धावणाऱ्या आमच्या एकुलत्या एक स्नोमोबाईलच्या मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची स्प्रिंग तुटलेली. वरच्या फार्मवर एक बाई बाळंतपणात अडली होती. धुक्यामुळे हेलिकॉप्टर येत नव्हतं. डॉक्टरबाईंना तिच्यापर्यंत न्यायला दुसरं साधन नव्हतं, आणि मागून अशी बसलेली स्नोमोबाईल दोन माणसांना घेऊन तो चढ चढलीच नसती.

डॉक्टरबाई मूळच्या पुण्याच्या, आता गॅरेजजवळच्याच लहानशा हॉस्पिटलात होत्या. ही नोकरी मला त्यांनीच मिळवून दिली होती. बॅग मांडीवर घेऊन त्या हीटरजवळ बसल्या होत्या. शेजारी एक अनोळखी म्हातारा. पुढे जाता येईना म्हणून आपल्या कुत्रीला घेऊन ऊब घ्यायला आत आलेला.

मालकाला हे काम करताना मी पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. शॉक काढून बाकावर घेतला, तुटके तुकडे बाजूला केले. नवी स्प्रिंग दाबून आखूड केल्याशिवाय वरची टोपी बसत नाही. त्यासाठी टोकांना हुकासारखे आकडे असलेले दोन लांब स्क्रू असतात. ते आकडे वेटोळ्यांत अडकवून पान्याने आवळायचे. दाबलेली स्प्रिंग म्हणजे जिवंत जनावर, असं मालक म्हणायचा. म्हणून आधी आईने शिकवलेलं तेच केलं. खंडेनवमीला हत्यारांना लावतो तसं तेलात कालवलेलं कुंकू वेटोळ्यांना लावलं आणि दत्तगुरूंचं नाव घेतलं.

"पूजा आटोपली का रे? की आरतीला थांबू?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"झालंच, बाई."

"तुझे महाराज पाना धरणार असतील तर बघ विचारून. तिकडे ती बिचारी कळा देतेय."

मी आवळत गेलो. स्प्रिंग पुरती दबली, आता फक्त टोपी बसवायची म्हणून खाली वाकलो. तेवढ्यात ती कुत्री उठली आणि शेल्फवरच्या माझ्या डब्याकडे बघून भुंकू लागली. डब्यात उपासाची खिचडी होती, लंडनच्या वेम्बलीतल्या देशी दुकानातून मागवलेल्या साबुदाण्याची. गुरुवारी पहिला घास कुत्र्याला द्यायचा हा आमच्या घरचा नेम, आणि तो मी घाईत विसरलो होतो.

"कमाल आहे, ही कधी कुणाकडे मागत नाही," म्हातारा म्हणाला.

मी डबा घ्यायला वळलो आणि मागे धाडकन आवाज झाला. आकडा निसटून स्प्रिंग उडाली होती आणि माझं तोंड होतं तिथून जाऊन समोरच्या पत्र्याला खोलगट पोचा पाडून पडली होती. डॉक्टरबाईंनी उठून स्प्रिंग उचलली, तिच्यावरून बोट फिरवलं. बोट लाल आणि तेलकट झालं.

"इथूनच सरकला आकडा. पूस हे."

"बाई, कुंकू कसं पुसू? तेही आज, एक बाई अडलेली असताना?" मी रडकुंडीला आलो होतो.

डॉक्टरबाईंनी तेच बोट आपल्या कपाळाला टेकवलं. "हे बघ, पुसलं नाहीस, इथे ठेवलंस. मी घेऊन जाते वर. आता पूस."

मी कुत्रीला घास घातला, चिंधी पेट्रोलमध्ये भिजवून एकेक वेटोळं कोरडं केलं आणि पुन्हा आवळायला घेतलं. या वेळी काही मागितलं नाही. देवा, तू आहेस आणि हे काम आहे, एवढंच मनात होतं. टोपी बसली. शॉक जागेवर चढवला आणि डॉक्टरबाईंना मागे बसवून निघालो. त्या चढावर मागची बाजू खाली जाऊन पुन्हा वर यायची, तसा दरवेळी माझाही जीव जागेवर यायचा.

फार्मच्या स्वयंपाकघरात मी वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलं होतं.

"मुलगी. दोघी छान आहेत. डबा आणलायस ना? कुत्रीनंतर माझा नंबर."

परत आलो तोवर रस्ता मोकळा झाला होता आणि म्हातारा कुत्रीला घेऊन निघून गेला होता. ते कोण होते हे मी कुणाला विचारलं नाही. चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगायचीही मला इच्छा नाही. मला एवढंच कळलं, की मी देवाला स्प्रिंगवर बांधून ठेवू बघत होतो आणि तो दारातून आत येऊन बसला होता. त्या दिवसाबद्दल त्याचे आभार मानायला शब्द मला तेव्हाही सुचले नाहीत, आजही सुचत नाहीत. स्प्रिंग दाबायची वेळ आली की आधी हात कोरडे पुसतो, आणि मग जोडतो.