भोंग्याच्या पुढं उभा राहिलो तो दिवस

भूतखेत, भानामती, अंगात येणं... मी ह्यातलं काहीच मानत न्हाई. डोळ्यानं कधी बघितलं न्हाई. अन् आता जे लिहितोय ते तर मी कानानं बी ऐकलेलं न्हाई — माझी तक्रार तीच हाय.

माझी बायको गोदा ब्यांडात गायची. ट्रम्पेट, ड्रम, गिटार, अन् मधी डोक्यावर पदर घेतलेली गोदा. ब्यांडमास्तरचा भाचा पुण्याला राहून आलेला. तो म्हणायचा, "मावशी, असल्या वाजवण्याला बाहेर फंक म्हणतेत."

"म्हणू दे. वरातीत म्हातारे नाचले म्हंजे झालं."

माजलगाव, तेलगाव, पार चौसाळ्यापर्यंत तिच्या आवाजाला मागणी. मी भोंग्याचा टेम्पो हाकायचो, म्हंजे जन्मभर भोंग्याच्या मागं, तिथं गाणं धड ऐकू येत न्हाई. घरी म्हणलं, एक गाणं म्हण की, तर म्हणायची, "घरी चूल हाय. ऐकायचं तर पुढं येऊन उभं राहा." मग टेम्पो कोण हाकणार, तुझा बाप?

गाणं संपलं की माईकमधी तिचं एकच — "पाजा रे कुणीतरी पाणी ब्यांडाला." लोक हसायचे, पाणी आणायचे.

मग दुष्काळ पडला. धरणात नुसती माती. आमच्याकडचा सहकारी साखर कारखाना दोन हंगाम पेटला न्हाई, लग्नं बी घरच्या घरी उरकली. त्यातच गोदा खंगली. शेवटी म्हणली, "कारखाना सुरू झाला की मोळीच्या कार्यक्रमाला पुढं उभं राहा. तुमच्यासाठी म्हणते." हातावर हात ठेवून तिनं शब्द दिलता. अन् गेली.

पुढं पाऊस झाला, ऊस आला. कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचा दिवस ठरला. आमच्या ब्यांडाची रीत हाय — माणूस गेला तर पहिल्या कार्यक्रमाला त्याची जागा कुणी भरत न्हाई. त्याची पाळी आली की सगळे गप, नुसता ठेका चालू. गोदाचा माईक हार घालून मधी ठेवला. वायर जोडलेली नव्हती, मी स्वतः बघितलं. टेम्पो दुसऱ्याच्या हाती दिला अन् भर दुपारी पुढं जाऊन उभा राहिलो.

मास्तरनं हात वर केला. ट्रम्पेट थांबले. नुसता ड्रम. मी कान देऊन उभा...

काही न्हाई.

मागं बघितलं तर माणसं रडायलेली. चेअरमन हातातली मोळी तशीच धरून उभा. मास्तर येऊन गळ्यात पडला. "दाजी, ताई शेवटच्या ओळीला कशी वर गेली, नेहमीसारखी..."

"कोण गेली बे वर? मला ड्रमशिवाय काय ऐकू न्हाई आलं."

"असं कसं दाजी? तुमी तर सगळ्यात पुढं होता."

तेवढ्यात ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई गर्दीतनं तांब्या घेऊन आली. ह्या भागात पहिल्यांदाच आलेली, गोदाला तिनं कधी बघितलेलं न्हाई.

"पाणी कुणी मागितलं?" मी विचारलं.

"त्या माईकवरल्या बाईनं की." ब्यांडाकडं न जाता तिनं तांब्या माझ्यापुढं धरला. "म्हणली, आज ब्यांडाला नको. पुढं उभा हाय त्याला पाजा."

म्हंजे गोदानं मला बघितलं. मी आलोय, पुढं हाय, हे तिला ठाऊक होतं. तरी साऱ्यांना ऐकवलं — चेअरमनला सुद्धा, ज्याला गाण्यातलं काडीचं कळत न्हाई — अन् ज्याला शब्द दिला तेवढा सोडला. कावून?

नंतर कान तपासून आलो. डॉक्टर म्हणला, वयाच्या मानानं चांगलेत. मास्तर म्हणतो, दाजी, तुमचं दुःख लई मोठं, त्याच्या आवाजात ऐकू आलं नसंल. देवळातले महाराज म्हणतेत, बरं झालं, ऐकलं असतं तर तुमी बी तिच्या मागं गेला असता. मला दोघांचं बी पटत न्हाई. तुमच्यातल्या कुणाला उमगलं तर सांगा.

पाणी मी पिलो. दुष्काळ बघितलेला माणूस तांब्या ओतून देत न्हाई. पण राग हाय तो हाय. गाणं साऱ्या कारखान्याला, अन् मला तांब्या.