गोव्यात मारलेली हाक

गोव्याला पोचल्या पोचल्या ह्यांनी मोठमोठ्या जास्वंदी छापलेला शर्ट आणि गवताची टोपी घेतली. जन्मभर पांढऱ्या शर्टात कचेरीला गेलेला माणूस आरशात स्वतःवर फारच खूश झाला.

संध्याकाळी किनाऱ्यावर मी शहाळी आणायला गेले. परतले, तर हे दिसेनात. दिसणार कसे? वाळूवर जिकडेतिकडे जास्वंदीच फुलल्या होत्या आणि प्रत्येक शर्टात पोट सुटलेले एक गृहस्थ होते. ह्यांना तर पोहताही येत नाही. मी घाबरून हाक मारली, "अहो!"

पाच-सहा टोप्या एकदम वळल्या. एक आजोबा तर "आलो गं!" म्हणत उठलेसुद्धा.

शेवटी, लग्नातल्या उखाण्यानंतर कधीही न घेतलेलं नाव मी सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं घेतलं. "विनायक!"

गुडघाभर पाण्यात उभे असलेले हे गर्रकन वळले. सासूबाई गेल्यापासून त्यांना असं कुणी बोलावलंच नव्हतं. कचेरीत साहेब, घरी बाबा. माणसाचं नावसुद्धा ठेवणीतल्या कपड्यासारखं न वापरता पडून राहतं.

जवळ आले तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते.

"हळू गं, लोक बघतायत," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मात्र किनाऱ्यावर पोचताच हे मुद्दाम हरवले.