मेट्रनबाई क्रम मोडत नसत

मेट्रनबाई स्तोत्र निवडत नसत. बायबलात स्तोत्रं ज्या क्रमानं छापली आहेत त्याच क्रमानं, दर रविवारी एक. शेवटचं झालं की पुन्हा पहिलं. कुणाची बढती असो, कुणाच्या लेकराचा बाप्तिस्मा असो, त्या दिवशी जे पाळीला येईल तेच वाचायचं. आनंदाच्या दिवशी नेमकं रडगाणं निघालं आणि कुणी कुरकुरलं, की म्हणायच्या, "वॉर्डात आपण पेशंट निवडतो का? समोरच्या खाटेवर जो असेल त्याच्यापाशी थांबायचं."

बाई मूळच्या नगरकडच्या. सैन्याच्या इस्पितळांत नर्स म्हणून जन्म काढला आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांनी चंदीगडला घर केलेलं, म्हणून इथेच राहिल्या. सकाळी आम्ही सगळे आपापल्या चर्चमध्ये हिंदी-पंजाबीत उपासना करायचो आणि दुपारी बाईंच्या बैठकीत मराठी मंडळी जमायची. बहुतेक फौजी कुटुंबं, बदलीवर आलेली. मी सोलापूरचा, आयटी पार्कात नोकरीला. खरं सांगायचं तर मी देवापेक्षा मराठी ऐकायलाच जायचो, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. "येत राहा," म्हणाल्या, "भाषेसाठी आलेला माणूस पण कान घेऊनच येतो."

स्तोत्र उभं राहून वाचायचं. एक ओवी बाईंची, एक आम्हा सगळ्यांची. वाचून झालं की कुणी हूं की चूं करायचं नाही. ही शांतता किती वेळ चालायची याला नियम नव्हता. बाईंचे यजमान, आमचे काका, चहाचं आधण ठेवायला उठले की ती संपली असं समजायचं. काका फारसे बोलत नसत. एकदा मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं हो कधी उठायचं ते? म्हणाले, "ही श्वास सोडते तेव्हा."

एकदा एक ब्रिगेडियरसाहेब सहकुटुंब आले. नुकतीच बढती झालेली. कुणीतरी लगबगीनं सोफा पुढे ओढला. बाई म्हणाल्या, "साहेब, सोफा गुडघेदुखीवाल्यांचा. फोल्डिंगच्या खुर्च्या आतल्या खोलीत आहेत, येताना इतरांच्याही आणा." साहेब गेले आणि मुकाट्यानं दोन्ही बगलांत खुर्च्या घेऊन आले. त्या दिवशी पाळी होती ती नेमकी माणूस म्हणजे घटकाभराची वाफ आहे असं सांगणाऱ्या स्तोत्राची. साहेबांनी ते खणखणीत आवाजात वाचलं आणि चहाच्या वेळी स्वतःच हसत सुटले. बाई स्वतः सगळ्यांच्या आधी झाडू मारून ठेवायच्या. "पुढे उभं राहायचं असेल तर आधी वाकायची सवय हवी," असं त्यांचं म्हणणं. आता त्या नगरला भावाकडे असतात आणि इथली रविवारची उपासना मी चालवतो. म्हणजे खुर्च्या लावतो.

काका गेले ते ऐन धुक्यात, जानेवारीत. झोपेतच गेले. पुढच्या रविवारी जे स्तोत्र येत होतं ते उघडतंच आनंदानं, डफ वाजवा, मोठ्यानं गा. मी भीत भीत फोन केला. "बाई, या वेळी दुसरं एखादं घेऊ या का?"

"क्रम मोडायचा नाही," एवढंच म्हणाल्या.

आम्हाला धास्ती वेगळीच होती. काकांच्या मागे बाई देवाशी अबोला धरतील असं वाटत होतं, आणि बाईंनीच तो धरला तर आमच्यासारख्यांनी बोलायचं कुणाच्या भरवशावर?

रविवारी त्या उभ्या राहिल्या, पहिली ओळ अर्धी वाचली आणि थांबल्या. मग पुस्तक माझ्या हातात दिलं. "मला आज गावंसं वाटत नाही. तोंडदेखलं गाऊन त्याला फसवू का? तुम्ही वाचा. मी नुसती उभी राहते." आणि जाऊन मागच्या रांगेत उभ्या राहिल्या.

आम्ही वाचलं. जयघोषाचे शब्द इतक्या खालच्या आवाजात कुणी म्हटले नसतील. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, देवाचाच. नंतरची शांतता संपेचना, कारण उठायचं कुणी? शेवटी माझी बायको स्वयंपाकघरात गेली.

मग दर रविवारी हेच. बाई मागे उभ्या, ओठ मिटलेले. प्रार्थना 'बापा' अशा हाकेनं सुरू व्हायची, तेव्हाही तोंड उघडत नसत. माझ्या मुलानं घरी येताना विचारलं, "पापा, आंटी गॉड से गुस्सा हैं क्या?"

"हो," मी म्हटलं. "पण उभ्या आहेत ना."

होळीच्या सुमारास एका वेगळ्याच स्तोत्राची पाळी आली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती तक्रार. तू माझी माणसं माझ्यापासून दूर केलीस असं देवाला तोंडावर सुनावलेलं, आणि शेवटही अंधारातच. मी पान उघडलं आणि माझी हिंमत होईना. एक रविवार पुढे सरकावं असं मनात आलं.

"द्या इकडे," मागून आवाज आला.

बाई पुढे आल्या. आमच्या वाट्याच्या ओव्याही त्यांनी आम्हाला दिल्या नाहीत, सगळं एकट्यांनी वाचलं. राउंडवर आलेल्या डॉक्टरला पेशंटची हालत सांगावी तसं, काही न लपवता, आवाज न चढवता. शेवटचा शब्द झाला. आता समजूत घालणारं काहीतरी बोलतील म्हणून आम्ही थांबलो. त्यांनी पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि कितीतरी आठवड्यांनी म्हणाल्या, "बापा."

त्यापुढे एक शब्द आला नाही. पण बाईंनी हाक मारली होती, आणि आम्ही सगळे त्यांच्याबरोबर उत्तराची वाट बघत उभे राहिलो.